प्रसूतिगृहातील स्तनपान-साहाय्य

प्रसूतिगृहातील स्तनपान-साहाय्य : प्रसूतीपूर्वी, प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतर रुग्णालयात असेपर्यंत मातेला आपल्या अर्भकास अंगावर पाजता यावे, यासाठी रुग्णालयाने करावयाची व्यवस्था व प्रत्यक्ष मदत यांना एकत्रितपणे ही संज्ञा लावतात. तीत गर्भवतीचे शिक्षण, जन्मानंतर लगेच माता व अर्भक यांचा अंगस्पर्श, पाजण्याची बैठक व पकड शिकविणे, दोघांना एकाच खोलीत ठेवणे, वैद्यकीय कारणावाचून वरचे दूध न देणे आणि घरी गेल्यावरच्या देखरेखीची सोय करणे यांचा समावेश होतो.

स्तनपान ही नैसर्गिक क्रिया असल्यामुळे तिला वेगळ्या साहाय्याची गरज काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अर्भकाला चोखण्याची उपजत प्रेरणा असते, हे खरे. परंतु मातेला पाजण्याचे कौशल्य बहुतांशी पाहून व शिकूनच येते. पूर्वी प्रसूती घरी होत असे, तेव्हा आई, सासू, अनुभवी शेजारीण किंवा सुईण हे शिक्षण देत असे. त्या शिक्षणात उपकारक गोष्टींबरोबर घातक समजुतीही होत्या. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्यावर ही माणसे खाटेपासून दूर झाली आणि त्यांचे काम संस्थेकडे आले. संस्थेने ते काम जाणीवपूर्वक स्वीकारले नाही, तर रुग्णालयाची नित्याची शिस्तच स्तनपानाच्या आड येते. माता व बालक यांच्या सुरक्षिततेसाठी रुग्णालयातील प्रसूती आवश्यक आहे. मात्र तिच्यामुळे स्तनपान आपोआप सुरू होत नाही, हा गेल्या शतकातील अनुभव या विषयाच्या मुळाशी आहे.

शरीरक्रियात्मक पार्श्वभूमी : गर्भारपणात स्तनांतील दुग्धजनक ऊतकाची वाढ पूर्ण होते व उत्तरार्धात थोडे दूध तयारही होऊ लागते. परंतु वारेतून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनामुळे दुधाची भरपूर निर्मिती रोखलेली असते. प्रसूतीनंतर वार बाहेर पडली, की हे हॉर्मोन झपाट्याने कमी होते आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान स्तन भरून येतात. यालाच व्यवहारात ‘दूध उतरणे’ म्हणतात. त्यापूर्वीच्या दिवसांत जो घट्ट, पिवळसर स्राव येतो, त्याला चीक किंवा प्रथमस्तन्य म्हणतात. त्याचे प्रमाण कमी असते. पहिल्या दिवशी सर्व मिळून ते बहुधा काही चमचेच भरते. तथापि नवजात अर्भकाच्या जठराची क्षमताही तेवढीच अल्प असते, त्यामुळे हे प्रमाण त्याच्या गरजेला पुरते. प्रथमस्तन्यात प्रतिपिंडे (विशेषतः इम्युनोग्लोब्युलीन-ए), पांढऱ्या कोशिका आणि अ जीवनसत्त्व विपुल असतात. प्रतिपिंडे आतड्याच्या अस्तरावर संरक्षक लेपासारखे कार्य करतात. शिवाय गर्भावस्थेत आतड्यात साचलेला काळपट हिरवा मल बाहेर पडण्यास त्याची मदत होते आणि त्याबरोबर पित्तरंजकही बाहेर गेल्यामुळे काविळीचे प्रमाण मर्यादित राहते.

पुढील दुग्धनिर्मिती मुख्यत्वे दोन हॉर्मोनांवर अवलंबून असते. अर्भक चोखू लागले, की स्तनाग्रातील तंत्रिकांद्वारे संवेदना मेंदूकडे जाते व पोष ग्रंथीच्या अग्रखंडातून प्रोलॅक्टिन स्रवते. ते पुढच्या वेळेसाठी दूध तयार करते. त्याचा स्राव रात्री अधिक असतो, म्हणून रात्रीचे पाजणे दुग्धनिर्मितीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. याच वेळी पोष ग्रंथीच्या पश्चखंडातून ऑक्सिटोसीन बाहेर पडते. ते दुग्धकोष्ठांभोवतालच्या स्नायुकोशिकांचे आकुंचन घडवून तयार दूध वाहिन्यांतून पुढे ढकलते. यालाच मराठीत ‘पान्हा फुटणे’ असा समर्पक शब्द आहे. ऑक्सिटोसिनामुळे गर्भाशयही आकुंचन पावते व प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कमी होण्यास मदत होते. अर्भकाला पाहणे, त्याचा आवाज ऐकणे, त्याचा स्पर्श होणे एवढ्यानेही पान्हा फुटू शकतो. उलट तीव्र वेदना, भीती, चिंता यांमुळे तो काही काळ अडतो. स्तनात दूध साचून राहिले, तर तेथील निर्मिती मंदावते. म्हणजे स्तन जितका रिकामा होईल, तितके दूध अधिक तयार होते. वरचे दूध देऊन अर्भकाची भूक भागविली, की ते कमी चोखते. कमी चोखल्याने दूध कमी तयार होते. आणि ‘दूध पुरत नाही’ ही मातेची भीती मग प्रत्यक्षात खरी ठरते. प्रसूतिगृहातील बहुतेक अपयशांचे मूळ या दुष्टचक्रात सापडते.

ऐतिहासिक आढावा : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीनंतर तीन किंवा चार रात्रींनी स्तन्य प्रवृत्त होते असे म्हटले असून तोपर्यंतच्या दिवसांत अर्भकास मध व तूप यांचे योग देण्यास सांगितले आहे. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते हे निरीक्षण अचूक आहे. मात्र तोपर्यंत स्तनपान रोखावे हे त्यावरून काढलेले अनुमान आजच्या ज्ञानाशी जुळत नाही. भारताच्या अनेक भागांत चीक पिळून टाकण्याची आणि मधाचे बोट, गूळपाणी, साखरपाणी किंवा गुटी चाटविण्याची चाल दीर्घकाळ टिकून राहिली. चीक ‘जड’ किंवा ‘शिळे दूध’ असते, या समजुतीमुळे तिला बळ मिळाले.

पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसूती मोठ्या प्रमाणावर रुग्णालयांत होऊ लागल्या. जंतुसंसर्गाच्या भीतीने नवजात अर्भकांना मातांपासून वेगळ्या कक्षात ठेवण्याची पद्धत पडली. ठराविक तासांनी मातांकडे अर्भके नेणे, रात्री पाजणे बंद ठेवणे आणि मधल्या वेळी बाटलीने दूध किंवा ग्लुकोजपाणी देणे या गोष्टी रुग्णालयीन शिस्तीचा भाग बनल्या. न्यूझीलंडमधील डॉक्टर ट्रूबी किंग हे स्तनपानाचे पुरस्कर्ते असले, तरी घड्याळाबरहुकूम पाजण्याच्या त्यांच्या शिकवणीने या वेळापत्रकांना प्रतिष्ठा मिळाली. याच्या उलट पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ प्येर ब्युदँ यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत, अशक्त अर्भकांच्या मातांनाही त्यांच्याजवळ ठेवावे व पाजू द्यावे, असे आग्रहाने सांगितले होते. अमेरिकेत एडिथ जॅक्सन या बालरोगतज्ज्ञ विदुषीने १९४६ मध्ये न्यू हेवन येथील रुग्णालयात माता व अर्भक यांना एकत्र ठेवण्याचा प्रकल्प सुरू केला. परंतु त्याचा प्रसार मर्यादितच राहिला.

याच काळात दुधाच्या भुकटीचा व्यापार आशिया व आफ्रिका खंडांत पसरला. सिसिली विल्यम्स या डॉक्टर महिलेने १९३९ मध्ये सिंगापूर येथील भाषणात, अयोग्य कृत्रिम आहारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंना हत्येची उपमा देऊन या व्यापारावर प्रखर टीका केली. पुढे १९७० नंतरच्या दशकात या प्रश्नाने आंतरराष्ट्रीय वादाचे रूप घेतले. उत्पादकांनी प्रसूतिगृहांना भुकटीचे डबे फुकट पुरविणे आणि घरी जाणाऱ्या मातेच्या हाती नमुना देणे, हा त्या वादाचा एक प्रमुख मुद्दा होता. फुकटचा डबा संपेपर्यंत मातेचे दूध आटलेले असे आणि पुढचा डबा तिला विकत घ्यावा लागे. पैसा व शुद्ध पाणी या दोहोंची टंचाई असलेल्या घरांत दूध पातळ केले जाई व बाटली अस्वच्छ राही. परिणामी अतिसार व कुपोषण ओढवत.

रुग्णालयाची पद्धत बदलल्याने काय साधते, याचे बोलके उदाहरण फिलिपीन्समधील बागियो येथील सरकारी रुग्णालयात मिळाले. तेथील बालरोगतज्ज्ञ नातिविदाद रेलुसिओ-क्लावानो यांनी १९७५ मध्ये अर्भकांचा वेगळा कक्ष बंद करून त्यांना मातांजवळ ठेवले, बाटल्या व भुकटीचे दूध यांना मज्जाव केला आणि कंपन्यांच्या जाहिराती व नमुने रुग्णालयाबाहेर काढले. बदलापूर्वीच्या व नंतरच्या मिळून सुमारे दहा हजार अर्भकांच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या, तेव्हा स्तनपान वाढून अतिसार, जंतुसंसर्ग व मृत्यू यांत मोठी घट झाल्याचे दिसून आले. या बदलासाठी नवी यंत्रसामग्री लागली नाही. जुन्या सवयी तेवढ्या सोडाव्या लागल्या.

जागतिक आरोग्य परिषदेने २१ मे १९८१ रोजी मातेच्या दुधाला पर्यायी असलेल्या पदार्थांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता संमत केली. बाजूने ११८ मते पडली. अमेरिकेने एकट्यानेच विरोधी मत दिले व तीन देश तटस्थ राहिले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसूतिसेवांच्या जबाबदारीविषयी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले व त्यात ‘यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या’ मांडल्या. १ ऑगस्ट १९९० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे इनोचेंती जाहीरनाम्याने त्यांना पाठिंबा दिला. १९९१ मध्ये ‘बाल-स्नेही रुग्णालय’ हा उपक्रम सुरू झाला. दहा पायऱ्यांचे पालन करणाऱ्या व दुधाच्या भुकटीचा फुकट पुरवठा नाकारणाऱ्या रुग्णालयांस तपासणीनंतर हा दर्जा देण्यात येऊ लागला. १९९२ पासून १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात.

दहा पायऱ्या : या पायऱ्यांची २०१८ मध्ये सुधारणा करण्यात आली. सुधारित मांडणीत पहिल्या दोन पायऱ्या व्यवस्थापनाविषयी आहेत : (१) आंतरराष्ट्रीय आचारसंहितेचे पालन, लेखी धोरण व सतत मूल्यमापन, (२) कर्मचाऱ्यांच्या अंगी पुरेसे ज्ञान व कौशल्य असणे. उरलेल्या आठ प्रत्यक्ष सेवेविषयी आहेत : (३) गर्भवती व तिचे कुटुंबीय यांच्याशी स्तनपानाविषयी चर्चा, (४) जन्मानंतर लगेच व अखंड अंगस्पर्श आणि शक्य तितक्या लवकर स्तनपानाचा आरंभ, (५) पाजण्यात व अडचणी दूर करण्यात मदत, (६) वैद्यकीय कारणाशिवाय मातेच्या दुधाखेरीज काहीही न देणे, (७) माता व अर्भक यांना चोवीस तास एकत्र ठेवणे, (८) अर्भकाच्या भुकेच्या खुणा ओळखून पाजण्यास शिकविणे, (९) बाटली, रबरी बोंडी व चोखणी यांच्या धोक्यांची जाणीव देणे, (१०) घरी गेल्यावर वेळेवर मदत मिळेल अशी सोय करणे. या सर्व पायऱ्या परस्परावलंबी आहेत. भिंतीवर फलक लावून धोरण जाहीर केले, पण रात्रपाळीच्या परिचारिकेला पकड सुधारता येत नसेल, तर पहिल्या पायरीचा उपयोग पाचवीवर संपतो.

पहिला तास : निरोगी अर्भक जन्मताच पुसून कोरडे करतात व उघड्या अंगाने मातेच्या छातीवर पालथे ठेवून दोघांवर ऊबदार कापड घालतात. वजन करणे, जीवनसत्त्व-के टोचणे, कपडे घालणे ही कामे पहिले पाजणे होईपर्यंत थांबू शकतात. स्वीडनमधील निरीक्षणांत १९८७ साली असे आढळले, की छातीवर ठेवलेले अर्भक काही वेळ शांत राहते, मग तोंडाची हालचाल करते, हात चोखते, हळूहळू स्तनाकडे सरकते आणि बहुधा तासाभरात स्वतःच स्तनाग्र पकडते. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या स्वीडिश अभ्यासानुसार, अर्भकाला वजनमापासाठी मध्येच उचलून नेल्यास किंवा मातेला प्रसूतिवेदना शमविण्यासाठी पेथिडीन दिलेले असल्यास योग्य रीतीने चोखणाऱ्या अर्भकांची संख्या घटते. पहिल्या तासानंतर अर्भक बहुधा गाढ झोपी जाते. म्हणून ही संधी गमावल्यास पुढील प्रयत्न अवघड होतात. अंगस्पर्शामुळे अर्भकाचे तापमान टिकून राहते, हाही त्याचा मोठा लाभ होय. या वेळी अर्भकाचा श्वास व रंग यांवर कर्मचाऱ्यांचे लक्ष असणे आवश्यक असते.

बैठक व पकड : पाजताना माता आरामात टेकून बसलेली किंवा कुशीवर झोपलेली असावी. अर्भकाचे डोके व धड एका रेषेत, त्याचे पोट मातेच्या अंगाला भिडलेले आणि नाक स्तनाग्रासमोर असावे. त्याने तोंड मोठे उघडताच त्याला स्तनाकडे आणावे. स्तन पुढे ओढून त्याच्या तोंडात कोंबू नये. पकड योग्य असल्यास हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, स्तनाग्राभोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात जातो आणि गिळण्याचा आवाज ऐकू येतो. केवळ स्तनाग्र तोंडात राहिल्यास दूध कमी निघते व स्तनाग्राला चिरा पडून वेदना होतात. अशा वेळी मलम देण्यापूर्वी पकड सुधारणे हा खरा उपचार होय. मदतनीस स्त्रीने शक्यतो स्वतः हात न लावता मातेच्या हातून ही क्रिया करवून घ्यावी. कारण घरी गेल्यावर ती मातेला एकटीला करावयाची असते.

पाजण्याला घड्याळाचे बंधन नसावे. चुळबुळ करणे, तोंड उघडून डोके वळविणे, मुठी तोंडाकडे नेणे या भुकेच्या आरंभीच्या खुणा होत. रडणे ही उशिराची खूण आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हे सर्वसाधारण समजावे.

दूध पुरते की नाही : ही मातेची व तिच्या नातेवाइकांची सर्वांत मोठी चिंता असते आणि तिचे निरसन हा साहाय्याचा गाभा आहे. मूल रडते किंवा स्तन मऊ लागतात, एवढ्यावरून दूध अपुरे आहे असे ठरत नाही. पहिल्या काही दिवसांत अर्भकाचे वजन थोडे घटते. ही घट जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत असू शकते व साधारणपणे दोन आठवड्यांत वजन पूर्ववत होते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे, शौचाचा रंग काळपटाकडून पिवळ्याकडे वळणे आणि वजन पुन्हा वाढू लागणे, ही दूध पुरत असल्याची भरवशाची चिन्हे होत. याउलट वजनातील घट दहा टक्क्यांहून अधिक असणे, लघवी कमी होणे, मूल सुस्त होऊन पाजण्यासाठी न उठणे किंवा कावीळ वाढत जाणे, ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी ‘होईल हळूहळू’ असा धीर देणे पुरेसे नाही. अर्भकाची तपासणी, पकडीचे निरीक्षण व गरजेनुसार पूरक दूध यांची योजना तातडीने करावी लागते. धोक्याची चिन्हे वेळीच न ओळखल्यास अर्भकाच्या शरीरातील पाणी व रक्तातील ग्लुकोज घातक पातळीपर्यंत कमी होऊ शकतात. म्हणूनच खरे स्तनपान-साहाय्य हे आग्रहापेक्षा निरीक्षणावर आधारलेले असते.

दूध उतरताना स्तन दाटून कठीण झाल्यास वारंवार पाजणे, पाजण्यापूर्वी हाताने थोडे दूध काढून स्तन मऊ करणे व नंतर थंड पाण्याच्या घड्या ठेवणे यांनी आराम पडतो. ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल व दुखरा झाल्यास स्तनशोथाचा उपचार करावा लागतो. परंतु त्या अवस्थेतही पाजणे थांबविण्याचे कारण नसते.

शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती : सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर दूध उतरण्यास काहीसा विलंब लागू शकतो; मात्र चीक उपलब्ध असतोच. कण्यातून दिलेल्या भुलीत माता जागी असल्याने शस्त्रक्रियागृहातच अर्भक तिच्या छातीवर ठेवता येते. संपूर्ण भूल दिली असल्यास माता शुद्धीवर येताच आरंभ करता येतो. कुशीवर निजून किंवा अर्भकाला काखेखाली धरून पाजल्यास टाक्यांवर दाब येत नाही. वेदनाशामक औषधे वेळेवर देणे आणि अर्भक उचलून देण्यास माणूस जवळ असणे, या दोन साध्या गोष्टींवर येथील यश अवलंबून असते.

मुदतपूर्व व आजारी अर्भके : ज्या अर्भकांना चोखता येत नाही, त्यांना मातेच्या दुधाची गरज सर्वाधिक असते. अशा मातेने प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने वा पंपाने दूध काढण्यास आरंभ करून दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी ते काढावे लागते. हे दूध नळीने, वाटी-चमच्याने किंवा महाराष्ट्रात परंपरेने वापरात असलेल्या बोंडल्याने देता येते. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये उबदार पेट्यांच्या टंचाईतून ‘कांगारू मातृसेवा’ ही पद्धत निघाली. तीत कमी वजनाचे अर्भक मातेच्या छातीवर उभे बांधून दीर्घकाळ अंगस्पर्शात ठेवतात. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केलेल्या अर्भकांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२·० टक्के, तर प्रकृती स्थिर झाल्यावर ती सुरू केलेल्यांत १५·७ टक्के आढळले. आजारी अर्भकांच्या कक्षात मातेलाच खाट देणे, हा या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ होय.

मातेचे दूध मिळणे शक्य नसेल, तर दुसऱ्या मातेने दान केलेले दूध हा पुढचा पर्याय ठरतो. पहिली मातृदुग्धपेढी व्हिएन्ना येथे १९०९ मध्ये निघाली. भारतातील पहिली पेढी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये स्थापन झाली. दात्या मातांची रक्ततपासणी करून दूध ६२·५° से. तापमानात तीस मिनिटे तापवितात व जंतुपरीक्षेनंतर गोठवून ठेवतात.

अपवाद : अर्भकास दुग्धशर्करेतील गॅलॅक्टोज पचविता न येणारा गॅलॅक्टोसेमिया हा दुर्मिळ आनुवंशिक विकार असल्यास मातेचे दूध वर्ज्य असते. माता कर्करोगावरील काही औषधे किंवा किरणोत्सर्गी आयोडीन घेत असल्यास पाजणे थांबवावे लागते. यकृतशोथ-ब असलेली माता पाजू शकते. मात्र अर्भकास जन्मताच लस व इम्युनोग्लोब्युलीन द्यावे लागते. एचआयव्हीबाधित मातेने विषाणुरोधक औषधे नियमित घेतल्यास पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान करावे, असे भारतातील धोरण आहे. कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये अनेक ठिकाणी बाधित मातांची अर्भके वेगळी ठेवण्यात आली. परंतु मुखपट्टी व हातांची स्वच्छता पाळून दोघांना एकत्रच ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. कोणत्याही कारणाने जी माता पाजू शकत नाही किंवा पाजत नाही, तिलाही पर्यायी दूध सुरक्षितपणे देण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. तिला दोष देणे हे साहाय्यात बसत नाही.

परिणामकारकता : प्रसूतिगृहातील साहाय्याचा सर्वांत मोठा नियंत्रित प्रयोग बेलारूस देशात झाला. १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूतिगृहे व त्यांच्याशी संलग्न चिकित्सालये दोन गटांत विभागण्यात आली. एका गटात दहा पायऱ्यांनुसार प्रशिक्षण दिले, दुसऱ्यात प्रचलित पद्धत चालू ठेवली. १७,०४६ माता-अर्भकांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या महिन्यात निव्वळ स्तनपानाचे प्रमाण पहिल्या गटात ४३·३ टक्के, तर दुसऱ्यात ६·४ टक्के होते. पहिल्या वर्षात जठरांत्रमार्गाचा संसर्ग झालेल्या अर्भकांचे प्रमाण अनुक्रमे ९·१ व १३·२ टक्के होते. घाना या देशातील सुमारे अकरा हजार अर्भकांच्या २००६ मधील अभ्यासात, पहिल्या तासातच सर्वांना पाजले गेल्यास नवजात अर्भकांचे सुमारे २२ टक्के मृत्यू टळू शकतील, असा अंदाज मांडण्यात आला.

भारतातील स्थिती : भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता स्वीकारली. १९९२ मध्ये दूधभुकटी, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांचे नियमन करणारा कायदा संमत होऊन तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार या पदार्थांची जाहिरात, मातांना नमुने वा भेटी देणे आणि आरोग्यसेवकांना प्रलोभने देणे यांस बंदी आहे. स्तनपानाच्या पुरस्कारासाठी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संघटना ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्थापन झाली. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘माँ’ हा स्तनपानविषयक कार्यक्रम सुरू केला आणि २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांत स्तन्यदान-व्यवस्थापन केंद्रे उभारण्यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या.

तथापि रुग्णालयात होणाऱ्या प्रसूती आणि पहिल्या तासातील स्तनपान यांची वाढ बरोबरीने झालेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील ७८·९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८·६ टक्क्यांवर गेले. मात्र जन्मानंतर तासाभरात पाजलेल्या बालकांचे प्रमाण या दोन पाहण्यांत अनुक्रमे ४१·६ व ४१·८ टक्के, म्हणजे जवळजवळ स्थिर राहिले. महाराष्ट्रात याच काळात संस्थांतील प्रसूती ९०·३ वरून ९४·७ टक्क्यांपर्यंत वाढल्या, तर पहिल्या तासातील स्तनपान ५७·५ वरून ५३·२ टक्क्यांपर्यंत घटले. सहा महिन्यांखालील अर्भकांना निव्वळ मातेचे दूध देण्याचे देशातील प्रमाण मात्र ५४·९ वरून ६३·७ टक्के झाले, ही समाधानाची बाब आहे. सिझेरियन शस्त्रक्रियांचे वाढते प्रमाण हे उशिरा होणाऱ्या आरंभाचे एक कारण होय. २०१९-२१ मध्ये देशातील खाजगी संस्थांत ते ४७·४ टक्के होते. त्याखेरीज परिचारिकांची अपुरी संख्या, प्रसूतिकक्षातील गर्दी, अर्भकाला आधी नातेवाइकांना दाखविण्याची घाई व मध चाटविण्याची चाल यांमुळेही तो तास निसटतो.

या अडचणींपैकी काहींसाठी मनुष्यबळ व निधी लागेल. अर्भक छातीवर ठेवणे, वजनकाटा तासभर थांबविणे, त्याला मातेजवळच राहू देणे आणि भुकटीचा डबा कपाटाबाहेर न काढणे यांसाठी मात्र प्रशिक्षित कर्मचारी व त्यांच्या पाठीशी उभे राहणारे व्यवस्थापन एवढेच पुरेसे असते. रुग्णालयात येणाऱ्या गर्भवतीबरोबर पूर्वी घरात असलेल्या जाणत्या स्त्रीची जागाही रुग्णालयाकडे आलेली आहे. ती भरून काढणे हा प्रसूतिसेवेचा अविभाज्य भाग मानला जातो.